कुठल्याच गटात न बसलेला बँड

माझ्या दादाच्या बँडला आता कुठे इंटरनेटवर चाहते मिळालेत, आणि दादाकडे आवाज उरलेला नाही. देवाला अक्कल असती तर हे उलट झालं असतं. घशाच्या कॅन्सरमध्ये गेल्या वर्षी त्याचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक, त्यावर पातळ कापड. काय सांगायचं ते तो फोनवर टाइप करून दाखवतो.

जुन्या कॅसेटी जमवणाऱ्या कुणा हौशी माणसाने त्यांचं एक गाणं टाकलं. खाली ही भांडणं! कुणी म्हणे जॅझ, कुणी म्हणे फोक रॉक, एकाने तर 'कोळीगीत मेटल' असं नाव ठेवलं. अरे, बारशाला तुम्हाला बोलावलं कुणी? चार पोरं होती ती. गिटार होती, ड्रम होते, ठाण्याजवळच्या बाळकुमचं घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मडकं होतं आणि दादाचे मराठी शब्द. आवडेल ते वाजवायची, बस.

डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये दादाने ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग टाइप केलं, "मी यात नाही."

त्याचा आवाज खरंच नव्हता. ते एका स्पर्धेतलं रेकॉर्डिंग होतं. पाश्चात्त्य गटात मराठी शब्द चालणार नाहीत म्हणाले, सुगम संगीतात ड्रम चालणार नाहीत. दोन्हीकडून हाकलल्यावर हे शहाणे नुसत्या वाद्यांच्या गटात घुसले. दादा गायक, पण तो बाजूला उभा राहून खंजिरी वाजवत होता. मी पहिल्या रांगेत बसून परीक्षकांना मनातल्या मनात शिव्या घातलेल्या.

"मला एकदा ऐकायचंय, मी कसा गायचो," त्याने लिहिलं.

मला रडू आलं आणि संतापही आला. त्याच्या बोलण्याचे मेसेज आहेत माझ्याकडे, "दूध आणलंस का", "पोचलो गं" असले. पण गाणं एकही नाही. घरातल्या लग्नांच्या व्हिडिओत तो गाताना दिसतो, पण व्हिडिओवाल्याने वर सनई आणि सिनेमाची गाणी चिकटवलीत. माझ्या कानात तरी असेल म्हणावं, तर तिथेही काही सापडेना. तो छान गायचा एवढं आठवतं. आवाज आठवत नाही.

बँडमधला एक जण वारला, एक कॅनडात आहे. उरला तो ड्रमवाला. त्यांच्या तालमीची एकुलती एक कॅसेट त्याच्याकडेच होती, त्यात दादा गायलेला. रविवारी आम्ही बाळकुमला निघालो. शीळफाट्याला नेहमीसारखे अडकलो आणि मी सबंध वेळ बडबडत होते, कारण गप्प बसले की दादाच्या गळ्यातली घरघर ऐकू यायची.

ड्रमवाला तिथल्याच जुन्या ख्रिस्ती शेतकरी घरातला. शेतं गेली, आता तो टॉवरमध्ये राहतो. "ये गो, बस," असं मला म्हणत त्याने दादाला मिठी मारली आणि मग उगाचच मोठमोठ्याने बोलायला लागला, जणू दादाचे कान गेलेत. कॅसेट आणि टेप टेबलावर तयारच होते.

त्याने बटण दाबलं. बायका गात होत्या. म्हाताऱ्या, चिरक्या, एकमेकींच्या पुढेमागे. मागे बँडबाजा.

"फोनवर सांगायला जीभ रेटली नाही," तो म्हणाला. "बहिणीच्या लग्नातलं हाय. उंबराचं पाणी."

त्यांच्यात लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवऱ्यामुलीच्या आंघोळीचं पाणी आणतात, तेव्हाची ही गाणी. त्याच्या आजीला ती सगळी यायची. ऐन वेळी कोरी कॅसेट मिळाली नाही, म्हणून तालमीच्याच कॅसेटवर भरली.

"पण त्या कॅसेटचा कान तोडलेला ना? पुसली जाऊ नये म्हणून?" मी जवळजवळ ओरडले.

"त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला नं भरली."

"डोकं फिरलेलं का तुझं? माझ्या भावाचं गाणं पुसलंस तू!"

तो दादाकडे बघत राहिला. दादाने फोन घेतला, बराच वेळ टाइप केलं आणि माझ्यापुढे धरला. "बोळा मी कोंबला. त्याची आजी पुन्हा कुठून मिळणार होती? म्हटलं आपण काय, कधीही गाऊ. वाटलं होतं, एक बाजू तरी उरली असेल."

आता कुणाला बोलणार? आम्ही दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. कुठे एखादी ओळ राहिली असेल या आशेने मी टेपला कान लावून बसलेले. दोन्ही बाजूंना काठोकाठ बायकाच होत्या. आजी सुंदर गात होती, आणि मला ती सहन होत नव्हती.

टेप थांबल्यावर ड्रमवाल्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला. दादाने डोळे मिटले. त्याचे ओठ हलायला लागले. छाती भरून यायची, मान वर व्हायची, सूर लांबवावा तसा तळहात पुढे जायचा, आणि गळ्यावरचं कापड फडफडायचं. ड्रमवाल्याची बोटं न चुकता त्याच्या ओठांबरोबर जात होती. त्या दोघांना सगळं गाणं ऐकू येत होतं.

संपल्यावर दादाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि नुसत्या ओठांनी विचारलं, "कसं झालं?"

"एक नंबर," मी म्हणाले. मला चालसुद्धा आठवत नव्हती.