लाल झालेली जिवती

श्रावण तोंडावर आला की भोरात माझे सासरे जिवतीचे कागद छापायचे. लाकडी ठसा, जवसाच्या तेलात खललेली काजळी आणि वरून मुठीचा एक दणका. कागदावर जिवती उमटायची, मांडीवर एक मूल आणि शेजारच्या पाळण्यात दुसरं. बाया तो कागद भिंतीला लावून श्रावणातल्या शुक्रवारी आपल्या लेकरांसाठी पुजायच्या. छापलेल्या चित्रात रंग भरायचं काम माझ्याकडे होतं.

त्या साली मला भारीच हौस आली, कारण माझी पोर सहा महिन्यांची झाली होती. आधीची दोन्ही वर्षाच्या आत गेली. म्हटलं, यंदा जिवतीला नटवायचंच. कुंकू कालवून बोटानं भरलं, तर ते रेघेबाहेर पळालं. निळीत डिंक घातला, तर वाळल्यावर पापुद्रे निघाले. मग जाड कागदाला भोकं पाडली, तो चित्रावर ठेवला आणि चिंधीनं हळदीचं पाणी थोपटलं. लेकरांची तोंडं कशी पिवळीधमक दिसायला लागली. मी माझ्यावरच खूश. आसपासच्या किकवीच्या, मार्गासनीच्या बाया ते कागद आवडीनं घेऊन गेल्या.

आमच्या देवघराच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता. गुरुवारी संध्याकाळी मी तिथंच जिवती चिकटवली. शुक्रवारी सकाळी पोरीचं अंग तापलेलं. तिला कडेवर घेऊन पूजेला गेले आणि बघते तर काय. चित्रातल्या दोन्ही लेकरांची तोंडं लालभडक झाली होती, रक्त फासल्यासारखी. मी मटकन खाली बसले.

सासूबाई आल्या. बघून म्हणाल्या, "अगं, हळदीला चुना लागला की लालच व्हतंय. कुंकू असंच करत्यात न्हवं? भिंत वली हाय, दुसरं काय न्हाई."

हे मलाही ठाऊक होतं की. लहानपणापासून बघत आलेली मी. पण कडेवरचं अंग चटके देत होतं, तिथं हळद आणि चुना कुठला सुचायला. त्यात आठवलं, श्रावणाआधी घरोघर चुना देतात. म्हणजे किती आया या घडीला भिंतीपुढं बसल्या असतील, आणि त्यात एखादीचं लेकरू आजारी असलं तर?

तेवढ्यात पाहिलं, सासूबाई भिंतीला पाणी लावून कागद सोडवत होत्या.

"आत्याबाई, काय न्हाई म्हणता, मग काढताय कशाला?"

त्यांनी बिनरंगाची जिवती तिथं लावली, पोरीला माझ्याकडून घेतलं आणि दुपारपर्यंत जिवतीपुढून हलल्या नाहीत.

तीन दिवस मी पोरीच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजला. चौथ्या दिवशी ताप उतरला, ती दूध प्यायली, तेव्हा कुठं मी रडले.

पुढच्या साली मार्गासनीची एक बाई आली. आदल्या साली तिनंही माझी जिवती नेली होती. कागद उलटसुलट करत म्हणाली, "साडी रंगवलीसा, पाळणा रंगवलासा, आन् लेकरांची तोंडं कोरीच ठेवली व्हय?"

"हळद संपली," मी म्हणाले. हळदीनं भरलेली वाटी दोघींच्या मधेच होती.

तिनं वाटीकडं बघितलं, काखेतल्या लेकराला पदराखाली ओढलं आणि म्हणाली, "असू द्या. कोरीच द्या."