हुंकारा द्यायला शिकले

मला इंग्रजी येतं, याचा मला भारी तोरा होता. बदनापूरजवळच्या आमच्या खेड्यातून रोज जीपमध्ये कोंबून घेत मी जालन्याच्या इंग्रजी शाळेत गेले, नर्सिंगही इंग्रजीतूनच शिकले. त्यामुळं जपानीच्या क्लासला नाव घातलं तेव्हा मनात म्हटलं, इंग्रजी जिंकलंय, जपानी किस झाड की पत्ती!

कसलं काय! पहिल्या तीन महिन्यांत जपानीनं माझा पार भुगा पाडला. मी प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत रचायची आणि मग जपानीत ढकलायची. ते ऐकून सर कपाळाला हात लावायचे. सर जालन्याचेच. बरीच वर्षं जपानमधल्या कारखान्यात काढून परत आले आणि बसस्टँडमागं त्यांनी क्लास काढला. म्हणायचे, "मॅडम, तुमचं इंग्रजी चपलांसोबत दाराबाहेर काढून या. मराठीत विचार करा, बिलकुल सरळ बसतं."

आणि बसलंच की! क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. अहो-जाहोचे तर थरावर थर. घरातून निघताना ती माणसं 'इत्ते किमास' म्हणतात, म्हणजे 'जाऊन येते'. नुसतं 'जाते' म्हटलं म्हणून माझ्या आईनं मला कितीदा उंबऱ्यात परत बोलावलंय! इतक्या लांबच्या लोकांना हे कुणी शिकवलं असेल? मी त्या भाषेच्या प्रेमातच पडले.

पण नुसत्या प्रेमानं नोकरी मिळत नाही. मला जपानमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जायचं होतं. त्यासाठी मी दवाखान्यातली नोकरी सोडून वर्ष होत आलं होतं. मुलाखत व्हिडिओवर, तीही एकदाच. घरात ठरलं होतं, जमलं तर जपान, न्हाई तर नाद सोडायचा.

मुलाखतीला दहा दिवस उरले तेव्हा सरांनी सरावासाठी त्यांच्या तिकडच्या जुन्या घरमालकीणबाईंना व्हिडिओ कॉल लावून दिला. ऐंशी पार केलेल्या आजी. त्या आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सांगू लागल्या. मी शाळेत शिकवलं तशी ऐकत होते. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर त्यांच्या चेहऱ्यावर, तोंड बंद.

आजी मधेच थांबल्या. "मोशी मोशी? ऐकू येतंय का?"

मी म्हटलं, येतंय. दोन वाक्यांनी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा तर त्यांनी फोनच हलवून पाहिला. शेवटी अगदी गोड शब्दांत सरांना म्हणाल्या, "मुलगी दमलेली दिसते. आज राहू द्या."

फोन बंद झाला आणि मी भडकले. "सर, मला शब्द न् शब्द कळत होता!"

"तुम्हाला कळत होता. ते त्यांना कुठं कळत होतं?" सर म्हणाले. "तिकडं ऐकणाऱ्यानं 'हाय' म्हणायचं, 'सो देसु का' म्हणायचं, म्हणजे 'हो', 'असं का'. गप्प बसलं की त्यांना वाटतं, समोरचं माणूस उठून गेलं."

"मोठ्या माणसाच्या मधे मधे बोलायचं? उद्धटपणा आहे हा!"

"तुमच्या इंग्रजी शाळेत असेल," सर हसत म्हणाले. मला अस्सा राग आला!

घरी आले तर बाबा लिंबाखाली मेंढरं कातरत होते. आमचे आजे-पणजे मेंढरांमागं फिरणारे. बाबा आता शेती करतात, पण वीसेक मेंढ्या काही सुटत नाहीत. मी मेंढीचे पाय धरून बसले आणि तोंडातल्या तोंडात 'हाय, हाय' घोकू लागले. बाबांनी आपली नेहमीची गोष्ट काढली. लहानपणी ते गोदावरीपल्याड चारणीला गेल्ते, तेव्हा एक मेंढी हरवली होती, ती.

कातर थांबली. "हुंकारा दे की माय! मी काय भिताडाशी बोलून राह्यलो का?"

मी बघतच राहिले. लहानपणी बाबांच्या मागं बांधावरून चालताना मी हेच तर करायची. "हं." "मंग?" "अगं बाई!" हुंकारा नाही तर गोष्ट नाही, बाबा पुढं सरकायचेच नाहीत. भीतीचा हुंकारा वेगळा, आनंदाचा वेगळा. पुढं शाळेत बाईंनी 'हं हं काय करतेस' म्हणून पट्टी दाखवली आणि मी गप्प बसायला शिकले. आमचं अख्खं गाव ज्यात तरबेज, ते मी शाळेत जाऊन विसरले होते.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय, दिस मावळला. मेंढीचा पत्ता न्हाई."

"आरं देवा!"

बाबा खुलले. पुढं मेंढी दुसऱ्याच्या कळपात निघाली आणि त्यांच्या एका हाकेसरशी धावत आली. मग रोज मी त्यांना गोष्ट सांगायला लावायची आणि जपानीत हुंकारा द्यायची. बाबा म्हणायचे, "काय बोलती काय कळंना, पण बराबर जागेवर पडून राह्यलं."

मुलाखतीत दोनदा माती खाल्ली. साधे प्रश्न, पण वाक्यंच उलटीपालटी झाली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आश्रमाच्या बाई त्यांच्याकडच्या एका म्हाताऱ्या कोळ्याबद्दल सांगू लागल्या. तो रोज समुद्रातल्या वादळाची तीच ती गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता मी व्याकरण विसरले. "हाय." "सो देसु का!" "सोरे कारा?" म्हणजे "मंग?" बाई पाच मिनिटं म्हणता म्हणता किती तरी वेळ बोलल्या. शेवटी हसून म्हणाल्या, "तुम्ही बोलताना चुकता. पण तुमच्याशी बोलावंसं वाटतं."

मला घेतलं!

निघायच्या आदल्या दिवशी बाबा लिंबाखालीच होते. मी मेंढी धरली. "तिथल्या त्या कोळ्याला चांगला हुंकारा दे," ते म्हणाले. "एकटा असंल गडी." आणि त्यांनी हरवलेल्या मेंढीची गोष्ट काढली.

उद्यापासून यांची गोष्ट कोण ऐकणार? काही केल्या हुंकारा फुटेना. बाबा थांबले. या वेळी रागावले नाहीत, भिताड म्हणाले नाहीत. कातर हातात धरून तसेच बसून राहिले, मी 'हं' म्हणेपर्यंत.