एकाच नळीनं

"आता तुजा नंबर," म्हणून ती वाटी पुढं करायची. वाटी म्हणजे सुकवलेला लहान भोपळा. आत कडू पाला, वरनं थर्मासचं गरम पाणी, आणि सगळ्यांना मिळून स्टीलची एकच नळी. पहिला घोट स्वतः घ्यायची, मग गोल बसलेल्या बायांत फिरवायची.

अर्जेंटिनाची बाई, पन्नाशीची. भातशेती बघायला एका संस्थेच्या मुलीबरोबर आली नि कापणीभर आमच्या गावात, धसईजवळ, राहिली. मराठी मोडकं बोलायची; अडलं की ती मुलगी सांगायची. तुमी पाहिली असती तर हसला असता. एवढी उंच, वाकली तरी अर्धी भाताच्या वर!

मी विचारलं, "तुमच्याकडं काय गो पिकतं?"

"सोयाबीन, गहू. गाया लय."

"मग तुमाला काय कमी?"

"आजी, गाया थोड्यांच्या. आमी सकाळी पाव घेतो, संध्याकाळी त्या भावात मिळत नाय."

म्हटलं, हे तर हितल्यासारखंच.

आधी बाया नळीला तोंड लावीनात. "शी गो, उष्टं!"

"आमच्याकडं वेगळं दिलं तर माणूस रुसतो," ती म्हणाली. हळूहळू सगळ्या प्यायला लागल्या.

मी लांब बसायची. मला टीबी झाला होता. औषध पुरं केलं, डागदर बरी म्हणला, तरी बाया मला पाणी वरनं ओंजळीत ओतायच्या. सून नातीला माझ्या मांडीवर देत नव्हती. तिला बोल नाय लावत मी. सुनेचा बाप टीबीतच गेला.

एक दिवस ती वाटी घेऊन माझ्याकडं आली. एक बाई ओरडली, "काकूला नको! तिला टीबी होता!"

ती माझ्यासमोर बसली. "औषध किती महिने?"

"सहा. एक दिवस चुकली नाय."

"माझी आईपण," ती म्हणाली. "आमच्याकडंपण लोक पळाले."

वाटी हातात दिली. मी प्यायली. कारलं बरं त्यापेक्षा! मग नळी न पुसता ती प्यायली. सुनेपुढं वाटी केली तर सून उठून गेली. बाईनं बळजोरी केली नाय.

जायच्या दिवशी आमी सगळ्या, सूनपण, तिला मुरबाडच्या गाडीवर सोडायला गेलो. त्यांच्यात निघताना गालाला गाल लावतात. तिनं सगळ्यांना लावला, मलापण. नात तिच्या कडेवर होती. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, चला!" तिनं पोर माझ्या हातात दिली नि चढली. घाईत का मुद्दाम, मला अजून कळलं नाय.

गाडी गेली. मी सुनेकडं बघितलं. आता पोर काढून घेईल.

"आई, ऊन लागतंय तिला. पदर धरा वरनं," सून म्हणाली, नि पुढं चालायला लागली.