तात्यांच्या मोटारसायकलची खरखर

गॅरेजमध्ये कुठलीही गाडी खोलून परत जोडली की एखादा नट उरतोच. गाडी मस्त चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि तो नट आम्ही गुपचूप डब्यात टाकतो. किश्शांचंही तसंच आहे. गाडी जाते, किस्सा मागे राहतो. कोल्हारला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे. इंजिनाचं काम शब्बीरभाईंचं, वायरिंगचं माझं. इतक्या वर्षांत डबे बरेच भरले, पण एकाच गाडीने आख्खा डबा भरला असेल, तर तो भागवत तात्यांच्या गाडीने!

तात्या साठीचे. ऊस आणि डाळिंब. पोरं मार्गी लागल्यावर एक दिवस पुण्याला गेले आणि सेकंडहँड टूरिंग मोटारसायकल घेऊन आले. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागे ऐसपैस सीट, सीटच्या मागे अँटेना, पुढे दोन स्पीकर आणि मधोमध रेडिओ! त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, माहेर काष्टी. शेतात खुरपताना बांधावर ट्रान्झिस्टर ठेवल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. तात्यांनी गाडीला हार घालतानाच सगळ्यांसमोर शब्द दिला, "तुला गानी ऐकवत काष्टीला न्हेतो!"

काकू मोठ्या हौसेने बसल्या. तात्यांनी रेडिओ लावला आणि प्रवरेचा पूल यायच्या आत काकू उतरून परत चालत आल्या. मागून तात्या गाडी वळवून आले. काकूंनी सगळ्या गॅरेजसमोर विचारलं, "ह्यो रेडिओ लावलाय का भजी तळताय?"

* * *

मी तात्यांना सोपा उपाय सुचवला. "रेडिओ बंद ठेवा आणि न्या की काकूंना!"

तात्या माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी बैल विकून नांगर ओढायला सांगितलं. म्हणाले, "शब्द दिलाय मी. गानी ऐकवत न्हेतो म्हनलोय."

"मग मोबाईलवर लावा गाणी."

"त्यात काय मजा? म्होरलं गानं कोनतं ते आपल्यालाच ठावं असतंय!"

काकूंचंही म्हणणं साफ होतं. गाणी लागली तर मागे बसेन, नाहीतर माझी यष्टी बरी. त्यात काकूंच्या भावाचं काष्टीला नवं घर बांधून होत आलं होतं. वास्तुशांतीच्या आत रेडिओ बोलला पाहिजे, अशी मुदतच पडली.

* * *

आमच्या गॅरेजात एक गुरुजी रोज पेपर वाचायला येतात. शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले, पण शिकवणं काही सुटलेलं नाही. त्यांनी खरखर ऐकली, डोळे मिटले आणि निदान केलं, "वरून हाय टेन्शनची लाईन गेली आहे. तिचा हा प्रताप. गाडी मोकळ्या रानात न्या!"

नेली. गुरुजी स्वतः मागे बसले आणि दोघे पार सोनईच्या पुढे, जिथे ना तार ना खांब अशा जागी जाऊन उभे राहिले. तिथेही भजी तळणं चालूच! तात्या भर उन्हात गुरुजींकडे बघत राहिले.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "चला, कोल्हारच्या तारांवरचा एक खोटा आळ तरी गेला."

* * *

मग मी मनावर घेतलं. गाडी जागेवर सुरू केली, रेडिओ लावला आणि हळूहळू रेस वाढवली. रेस वाढली की खरखर वाढते, रेस सोडली की उतरते! म्हणजे भानगड इंजिनाच्या ठिणगीत. प्लग काढून पाहिला तर साधा. रेडिओच्या गाडीला आत रेझिस्टर असलेला प्लग लागतो, नाहीतर प्रत्येक ठिणगी रेडिओत जाऊन बोंब मारते.

"हा प्लग बसवला कोणी?" मी विचारलं.

शब्बीरभाई पाना पुसत पुसत लांब जायला लागले. मग तिथूनच म्हणाले, "प्लग म्हंजी प्लग! इंजिन चालतंय ना? गानं म्हनायचं काम इंजिनाचं न्हाई!"

नगरहून योग्य प्लग मागवला. बसवला. खरखर निम्मी झाली! मी कॉलर ताठ केली. शब्बीरभाईंनी कान देऊन ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "माझ्या खात्यातली निम्मी गेली बघ. आता ऱ्हायली ती वायरिंगवाल्याची!"

* * *

वायरिंगवाल्याची होतीच, पण माझी नव्हती. ती तात्यांची होती. त्यांनी ट्रॅक्टरला लावतात तसले दोन एलईडी लाईट स्वतःच्या हाताने पुढे बसवले होते. लाईट बंद, तर बातम्या निदान कळतात. लाईट चालू, तर रेडिओ मेला! मी बटण दहा वेळा दाबून दाखवलं. चालू, बंद. चालू, बंद.

तात्यांना ते लाईट जिवापाड आवडायचे. हनुवटी खाजवत त्यांनी विचारलं, "म्हंजी मानसानं एकतर बघायचं न्हाईतर ऐकायचं?"

लाईट उतरले आणि गोठ्यात लागले. तात्या म्हणतात, म्हशीने एक दिवस तक्रार केली नाही.

* * *

एवढं करूनही थोडी खरखर उरलीच. तेव्हा तात्यांनी आमच्यावरचा विश्वास काढून घेतला आणि डाळिंबाच्या बागेतली तार आणून अँटेनाची उंची घरच्या घरी वाढवली. किती? दोन पुरुष!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजवर आले तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. वाटेत एका लग्नाच्या मांडवाखालून गाडी आली होती आणि तात्यांच्या तारेला आंब्याच्या पानांचं तोरण आणि मांडवाची हातभर झालर लटकत होती. पाठोपाठ मोटारसायकलवरून दोन वऱ्हाडी झालर मागत आले.

तात्यांनी झालर काढून दिली, तोरण ठेवून घेतलं आणि मला म्हणाले, "मांडवाखालून येताना दोन मिनिटं एकदम क्लियर लागला हुता!"

* * *

वास्तुशांती आठ दिवसांवर आली. आता मात्र मला झोप लागेना. इतक्या दिवसांत तात्या एकदाही चिडले नव्हते, पण त्या दिवशी गॅरेजच्या बाकावर बसून हळूच म्हणाले, "गड्या, उभ्या जन्मात तिनं माझ्याकडं येवढं येकच मागितलंय." मला फार वाईट वाटलं. मी ती लांब तार उतरवली, सगळ्या वायरी परत तपासल्या, अर्थिंग तपासलं, अँटेनाचं बूड घासून लख्ख केलं. सगळं जागच्या जागी!

मग तात्या बोलता बोलता एक गोष्ट बोलून गेले. "शनवारी सकाळी मातुर झ्याक लागतो. गाडी धुताना. म्होरं काय हुतं कुनास ठाऊक."

गुरुजी पेपरातून म्हणाले, "शनिवार आहे, देवाची कृपा."

मी म्हटलं, कृपा असेल तर ती बघायलाच पाहिजे. शनिवारी सकाळीच तात्यांच्या अंगणात जाऊन बसलो. तात्यांनी पाण्याचा पाईप लावला, मागे अँटेनाला लटकलेलं आठवड्याचं सुकलेलं लिंबू-मिरची काढून टाकलं आणि गाडी धुतली. रेडिओ लावला. काय सांगू! बासरी नुसती अंगणात येऊन बसल्यासारखी वाजत होती. मी उडीच मारली!

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हातात ताजं लिंबू, सात मिरच्या, खाली बिब्बा. सगळं बारीक लोखंडी तारेत ओवलेलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी तारेचं एक टोक अँटेनाला गुंडाळलं आणि दुसरं खाली लोखंडी कॅरियरला पिळून पक्कं केलं.

बासरी गेली. भजी तळायला लागली.

मी पाहिलं. तात्यांनी पाहिलं. आणि आम्ही दोघं काय पाहतोय, ते काकूंनी पाहिलं. अँटेनाने हवेतून पकडलेलं सगळं त्या तारेवाटे सरळ कॅरियरमध्ये उतरत होतं! सहा महिने दर शनिवारी, न चुकता. आणि लिंबू-मिरचीच्या तारेकडे वायरिंगवाल्याने कधी वायर म्हणून बघितलंच नव्हतं!

"काकू, हे मागेच का बांधता?" मी जमेल तितक्या नरमाईने विचारलं.

"नजर मागूनच लागती. लोकं गाडी गेल्यावर बघत्यात," काकू म्हणाल्या. मग त्यांनी तारेचं टोक सोडलं, तर बासरी. परत टेकवलं, तर भजी. तीन वेळा करून पाहिलं. तात्या आकाशाकडे बघत उभे. काकूंनी शेवटी तार काढून हातात धरली आणि म्हणाल्या, "म्हंजी सा महिनं ह्येंच्या मागं मीच खरखर करत हुते म्हना की!"

तेव्हापासून लिंबू-मिरची सुती दोऱ्यात ओवून पुढच्या लेगगार्डला असते. नजरही लागत नाही आणि रेडिओही अडत नाही.

* * *

वास्तुशांतीच्या आदल्या सकाळी दोघं काष्टीला निघताना गॅरेजवर थांबली. काकूंना नवी साडी, डोक्यावर नवं हेल्मेट, पेट्यांमध्ये कुरडया आणि डाळिंबं. शब्बीरभाईंनी हवा तपासली. गुरुजींनी पेपर घडी करून ठेवला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तात्यांनी बटण दाबलं आणि वेल पसरावा तसं गाणं हायवेभर पसरलं! एक खर नाही, एक चर नाही! चहाच्या टपरीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला, खोटं का सांगू.

गाडी पुलाकडे निघाली. आम्ही तिघं रस्त्यावर उभे राहून लांब जाणारं गाणं ऐकत होतो.

आणि पुलाच्या तोंडाशी गाणं कचकन बंद!

मी टेस्टर उचलला, शब्बीरभाईंनी पाना आणि आमच्या स्कूटरवर तिघं बसून सुसाट पुलाकडे! तात्यांनी गाडी कडेला घेतली होती. दोघंही गाडीवरच बसलेली.

"काय झालं तात्या? काय उडालं?" मी ओरडलो.

तात्या नुसते गालातल्या गालात हसत होते. काकूंनीच मागून हेल्मेटची काच वर केली.

"काय उडालं न्हाई. मीच बंद करायला लावलाय. घरी काय बोलाया लागलं की ह्ये उठून रानात जात्यात. आता काष्टीपत्तूर ह्येन्ला कुठं उठून जाता येत न्हाई. मला बोलायचंय!"