काचेआडचे पत्र

अबूधाबीच्या संग्रहालयात ते पत्र पाहिले तेव्हा आमची फाइल अडकून सात आठवडे झाले होते. नवऱ्याने हमरियाच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी बदलली होती; त्याचा नवा व्हिसा होईपर्यंत माझा आणि लेकीचाही अधांतरी. मी भारतात गेले असते, पण मग परत येण्याची खात्री नव्हती, आणि लेक दहावीला. कागदपत्रे पाहणारा कंपनीतला माणूस दर फोनवर म्हणे, “इन्शाल्ला मॅडम, नेक्स्ट वीक.”

साताऱ्यात वडील एकटे होते. त्या वर्षी त्यांचे ऐकणे पूर्ण गेले होते. व्हिडिओवर ते एवढेच विचारत, “कधी येतेस?” मी आठ बोटे दाखवी. आठ दिवस. ते मान डोलावत. पुढच्या रविवारी पुन्हा आठ.

पत्र एका विख्यात फ्रेंच लेखकाचे होते, हद्दपारीत एका बेटावरून लिहिलेले. शाई तपकिरी पडलेली, ओळी वाऱ्याने कलल्यासारख्या. कागद संपल्यावर मजकूर वळून समासात चढलेला. एसीच्या कोरड्या थंडीत काचेवर माझा श्वास उमटून विरत होता. मला फ्रेंच येत नाही. तरी लेखणी कुठे थांबली, कुठे रुतली, ते दिसत होते.

लेक फलक वाचत होती. “आई, द एम्परर फरगेव्ह हिम. ही स्टिल डिडन्ट गो बॅक.”

“का गं?”

“प्राइड, आय गेस.”

त्या लेखकापाशी निदान नाकारण्यासाठी परतीची वाट होती. मी नुसती थांबले होते, आणि वडिलांनाही थांबवून ठेवत होते.

अल मजाजमधल्या आमच्या घराची खिडकी सुरक्षेसाठी वीतभरच उघडते. त्या फटीतून खाडीची खारट वाफ आत येत होती. लेकीच्या वहीतला कोरा कागद घेऊन मी जाड पेनाने लिहिले : ‘बाबा, मला येता येत नाही. कधी येईन, माहीत नाही.’ रविवारी तो कॅमेऱ्यासमोर धरला.

त्यांनी चष्मा चढवला. शब्दन् शब्द मोठ्याने वाचला, स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात.

“आधी नाही का सांगायचं, बाळ? मला बेल ऐकू येत नाही. तू येशील म्हणून दीड महिना दार नुसतं लोटून बाहेरच्या खोलीत खुर्चीत झोपतोय. पाठ मोडली माझी.”

ते उठले. हातातला फोन ते विसरले असावेत. पडद्यावरून छत सरकले, पंखा सरकला, आणि दाराला कडी लागल्याचा आवाज मला ऐकू आला.