बाबांचा अंगठा

आज प्रयोगशाळेत तडकलेल्या बीकरने माझ्या मैत्रिणीचं बोट कापलं. टिंक्चरचा वास आला आणि मला चेरीताल वस्तीतली आमची खोली आठवली.

लढाईचे दिवस होते. बाबांच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली होती आणि कारखान्यातले देवधरकाका एक कागद घेऊन घरी आले होते. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला, "मेरी अपनी लापरवाही से..."

"माझी चूक काहून?" बाबा म्हणाले. "यंत्राला जाळी बसवा म्हणून महिनाभर सांगून राहिलो होतो मी."

"सगळेच लावतात अंगठा, भाऊ. तिकडे पोरं सीमेवर मरून राहिली, अन् तू जाळीचं घेऊन बसला? नोकरी जाईल."

काकांनी शाईची डबी उघडली. बाबांनी डावा हात पाठीमागे नेला. मला तेव्हा बाबांचाच राग आला. "लावा ना बाबा, सगळेच लावतात," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

सीमेवरच्या पोरांचं नाव घेऊन कारखान्याने एका जाळीचा खर्च वाचवला, आणि ते काम माझ्या तोंडून करवून घेतलं. हे आठवलं की आजही अंग जळतं.

"रजिस्टर में लिख दो, लड़की की लापरवाही," आज सर मला म्हणाले.

मी रजिस्टर पुढे ओढलं. त्यात लिहिलं, बीकर आधीपासूनच तडकलेला होता.