चुन्याचा मचवा

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. सारे आयुष्य दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात गेले. आता उतारवयात स्वतः लेखणी हाती धरताना फार संकोच वाटतो, आणि हा आगाऊपणा वाचकांनी पोटात घालावा, अशी विनंती आहे. मात्र एक विधान मी न कचरता करतो : रिकामी जागा दिसताच ज्याचा जीव कासावीस होतो, असा माणूस आमच्या आतोबांखेरीज सबंध कोकणपट्टीत दुसरा नसेल.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दिघीच्या बंदरावरील एका वखारीची देखरेख त्यांनी तीस वर्षे केली. आसपासच्या गावांतील सुपारी, नारळ, आंबे आणि सुकी मासळी तेथे येऊन पडे व शिडाच्या मचव्यांतून मुंबईस जाई. कोणता माल कोणाच्या शेजारी ठेवावा, याविषयी त्यांची मते सोयरीक जुळविणाऱ्यांहूनही कडक होती. मुंबईहून तक्रार म्हणून परत आलेली सुपारी नाकाशी धरून ते डोळे मिटीत आणि खिन्नपणे म्हणत, "ही बोंबलाच्या शेजारी निजली आहे." घरीही तोच प्रकार. फडताळातील डब्यांमधल्या फटींत ते लसणीचे गड्डे बसवीत, दोऱ्याची रिळे बसवीत, आणि एकदा तर त्यांनी स्वतःचा चष्मा बसविला. तो आठ दिवस कोणालाच सापडला नाही, कारण तो फारच नीट बसला होता.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती चुन्याच्या मचव्यामुळे. दिघीच्या धक्क्याला पाणी असते ते भरतीपुरते. ओहोटी लागली की मचवा चिखलात बसतो आणि पुढल्या भरतीपर्यंत तपश्चर्येला बसल्यासारखा हलत नाही. तेव्हा माल चढवायचा तो घाईत, आणि घाईत जागा फुकट जाते, हे आतोबांचे दुःख. यावर त्यांनी तोड काढली. सुतळीने मचव्याचे पोट आतून मोजले आणि वखारीच्या जमिनीवर चुन्याने तेवढाच मचवा आखला. माल आधी त्यात रचून पाहायचा आणि मग खऱ्या मचव्यात भरायचा.

"काका, मचवा पान्यान हाय, वखारीत न्हाय," मचवा हाकणारा तांडेल म्हणाला. "ह्यो कवा बुडायचा?"

"बुडणार नाही, म्हणूनच आधी याच्यात भरतो."

हमालांचे दुःख निराळे होते. "येकच गोण दोनदा उचलायची? आमी मानसं हाव का रहाट?"

पहिल्या खेपेला आतोबांनी चुन्याच्या मचव्यात खाली नारळ आणि वर आंब्याच्या करंड्या अशी देखणी रचना केली. हमालांनी वरचे आधी उचलले. साहजिकच खऱ्या मचव्यात आंबे तळाशी गेले आणि नारळ त्यांच्या डोक्यावर बसले. मुंबईच्या अडत्याचे पत्र आले : "आंब्यांचा रस आम्ही इकडे काढतो. आपण तसदी घेऊ नये." चूक ध्यानी येताच आतोबांनी दुसऱ्या खेपेला सगळी रचना उलटी केली, आंबे खाली, नारळ वर. या वेळी रस वखारीतच निघाला.

तिसऱ्या खेपेला त्यांनी रचणेच सोडले. प्रत्येक गोणीवर, करंडीवर गेरूने आकडा घातला, माल जमिनीवर सुटा मांडला आणि धक्क्यावर उभे राहून आकडे पुकारले. हे मात्र साधले, आणि असे साधले की आतोबांना कशाचाच धरबंध उरला नाही. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात त्यांनी अंगणात बैलगाडी आखून वऱ्हाडाला आधी तीत बसवून पाहिले. "मावशी, जड माल आसावर येतो. तुम्ही मधे सरका," असे ते माझ्या थोरल्या मावशीला सर्वांदेखत म्हणाले. मावशी लग्नघरापर्यंत पायी गेली.

दोन वर्षांपूर्वी दिघीपर्यंत मालाची मोटारलॉरी येऊ लागली. वखारीतील बहुतेक माल ज्या एका गुजराती शेटजींचा असे, त्यांनी एके दिवशी आतोबांना स्पष्ट सांगितले, "काका, येती भरतीत माझा सगळा माल चढला, तर पुढे पण मचवाच. नाय चढला, तर लॉरी." शेटजी गेले की वखार बंद होणार, आणि वखारीवाचून आतोबांना दुसरे काहीच येत नव्हते. हे सर्वांना ठाऊक होते; हमालांनी त्या दिवशी एकदाही कुरकुर केली नाही.

दुपारी पाणी चढले. आतोबा पुकारू लागले, "सत्तावीस, डावीकडे! अडतीस, पुढे नाळेत, आडवी!" शेवटची करंडी बसली तेव्हा तिच्याभोवती बोट शिरेल एवढीही फट नव्हती, आणि धक्क्याला अजून पाणी होते. तांडेल ओरडला, "काका, येवढं पानी उरलं, त्याचं काय करू?"

"त्याच्यावरून जा!" आतोबा म्हणाले. शेटजींनी त्यांना मिठी मारली.

मचवा खाडीबाहेर पडला आणि वारा पडला. तीन दिवस तो किनाऱ्यावरून दिसेल असा जागच्या जागी उभा होता. आंबे आतल्या आत उतरून नासले.

शेटजी माणूस भला. "तुमची चूक नाय, काका," ते म्हणाले. "पण वाऱ्याला आकडा घालता येत नाय." आणि त्यांनी आतोबांना लॉरी भरण्याचे काम देऊ केले. आतोबा सुतळी घेऊन लॉरीत चढले. चारही बाजू मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि सावकाश खाली उतरले.

"शेटजी, हिचे पोट चौकोनी आहे," ते म्हणाले. "हे कोणीही भरील. मला फुकट कशाला पोसता?"

वखारीला कुलूप लागून आता वर्ष होत आले. गेल्या महिन्यात आतोबा माझ्याकडे आले. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि निघताना उंबरठ्यावर थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझ्या शिकल्यासवरल्या ओळखी आहेत. जमले तर विचारून पाहा." विचारीन, असे मी त्यांना कबूल केले, आणि समोरासमोर कोणाला काही विचारण्याचे धैर्य माझ्या अंगी नसल्यामुळे हा कागद खर्ची घातला. तरी, वाचकहो, आपल्या माहितीत एखादे बंदर आहे का, जेथे अजून मचवे भरतात आणि भरणारा माणूस हवा आहे?